पटावरचे प्रत्येक मूल

कांदिवली स्थानकातून पूर्वेला आकुर्ली रस्त्याने निघाले की महामार्ग ओलांडून दामूनगर, लोखंडवाला संकुल असे करत वस्ती थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जाऊन भिडते. पश्चिमेला लालजीपाडा, गणेशनगर आणि पुढे चारकोपचे म्हाडाचे सेक्टर. एवढ्या पट्ट्यात सहा वर्षांच्या मुलासाठी किती प्रकारच्या शाळा आहेत! महापालिकेची शाळा आहे, जुन्या शिक्षणसंस्थेची अनुदानित मराठी शाळा आहे, वस्तीला लागून असलेली कमी फीची इंग्रजी शाळा आहे आणि वर्षाला लाखाच्या वर फी घेणारी केंद्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मंडळाची शाळाही आहे. यांपैकी कोणत्या शाळेचे फाटक आपल्यासाठी उघडेल, हे त्या मुलाने पहिले अक्षर गिरवण्याआधीच ठरलेले असते. घर कुठे आहे, घरात पैसा किती येतो आणि कोणती भाषा बोलली जाते, यावरून ते ठरते. सार्वजनिक शिक्षणाचा प्रश्न इथे सुरू होतो. ज्या मुलाच्या वाट्याला निवड आलीच नाही, त्याच्यासाठी समाजाने उभी केलेली शाळा त्याला खरोखर शिकवते का, हा तो प्रश्न. हे पुस्तक त्याचे उत्तर महापालिकेच्या एका विभागात, आर दक्षिणमध्ये, म्हणजे कांदिवलीत शोधते. मात्र त्याआधी या विषयाचा पट किती मोठा आहे, तो कसा विणला गेला आणि त्यातले धागे कोणते, हे नव्या वाचकासमोर मांडणे आवश्यक आहे.

सार्वजनिक शिक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फक्त पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा येते. प्रत्यक्षात या व्यवस्थेची व्याप्ती बरीच मोठी आहे. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली अंगणवाडी ही तिची पहिली पायरी. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून घेणाऱ्या खासगी अनुदानित शाळा हा तिचाच भाग, आणि महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार याच शाळांनी वाहिला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांमधल्या ज्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या जातात, त्याही सार्वजनिक पैशावरच चालतात. मुंबईच्या पालिकेवर तर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी १८८८च्या महापालिका कायद्यानेच टाकली. रस्ते, पाणी आणि गटारे यांच्या बरोबरीने ते तिचे अनिवार्य कर्तव्य ठरले. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा ८ माध्यमांतून शाळा चालवणारी ही महापालिका आजही लाखो मुलांना शिकवते आणि त्यासाठी वर्षाला तीन हजार कोटींहून अधिक रुपयांचा अर्थसंकल्प मांडते. यंत्रणा मोठी आहे, खर्च मोठा आहे आणि कायद्याचे बळही आहे. तरीही चौथी-पाचवीतली अनेक मुले साधा परिच्छेद वाचताना अडखळतात. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीने शिक्षणाचे जे धोरण धरले, ते झिरपणीचा सिद्धांत म्हणून ओळखले जाते. वरच्या थरातल्या थोड्यांना उत्तम शिकवावे, त्यांच्याकडून विद्या आपोआप खाली झिरपत जाईल, अशी त्यामागची कल्पना. १८५४च्या वुडच्या खलित्याने सर्वसामान्यांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याची भाषा केली, पण पैसा वरच राहिला. १८४८मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमका यावरच घाव घातला. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांनी बजावले, आणि निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पुढची साठ-सत्तर वर्षे ही मागणी वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा उमटत राहिली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो बडोदे संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी आणि १९२०मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र कायदा झाला. १९१९मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे उभी केली. या सगळ्या चळवळीचे लक्ष्य एकच होते: मूल शाळेत आले पाहिजे, त्याचे नाव पटावर चढले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ही लढाई मोठ्या प्रमाणात जिंकली गेली. १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली आणि कांदिवलीसारख्या गावठाणे, पाडे आणि कोळीवाड्यांच्या भागातही शहराची शाळा पोहोचली. पुढे कारखाने आले, वस्त्या वाढल्या आणि १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपला अल्प उत्पन्न गटांसाठी भूखंड आखले गेले. कोकणातून, मराठवाड्यातून, गुजरातेतून आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांच्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला पालिकेच्या शाळेने सामावून घेतले. याच काळात मध्यमवर्गाने मात्र या शाळेकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. आधी तो अनुदानित शाळांकडे गेला, मग विनाअनुदानित इंग्रजी शाळांकडे. ज्यांचा आवाज नगरसेवकापर्यंत, वर्तमानपत्रापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत पोहोचतो त्यांची मुले या शाळेत उरली नाहीत, आणि शाळेविषयी जाब विचारणारा माणूस तिच्या फाटकापासून दूर गेला. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, १ एप्रिल २०१० पासून हक्काचा कायदा अमलात आला, पटनोंदणी जवळजवळ पूर्ण झाली. फुल्यांची अर्धी मागणी अशी सव्वाशे वर्षांनी पुरी झाली.

उरलेली अर्धी मागणी वर्गाच्या आत अडकून पडली आहे, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेतला मुख्य मुद्दाही तोच आहे. झिरपणीचा सिद्धांत धोरणातून गेला, पण वर्गातून गेला नाही. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक पाठ्यपुस्तक पुढे नेतो. पुस्तकाचा वेग जूनपासून एप्रिलपर्यंत बांधलेला असतो, आणि तो सांभाळू शकणारी दहा-बारा मुले शिक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे देतात. बाकीच्यांना ऐकून ऐकून काही तरी येईल, असे गृहीत धरले जाते. दुसरीत जोडाक्षरे न उमगलेल्या मुलाला तिसरीत परिसर अभ्यास वाचावा लागतो, चौथीत शाब्दिक उदाहरणे सोडवावी लागतात, आणि प्रत्येक वर्षी पुस्तक त्याच्यापासून आणखी लांब जाते. यात शिक्षकाचा आळस शोधणे अन्यायाचे ठरेल. अभ्यासक्रम पूर्ण झाला का, हे अधिकारी विचारतो. शेवटचे मूल वाचू लागले का, हे विचारायची व्यवस्थाच नाही. जे मोजले जाते तेच केले जाते. म्हणून सार्वजनिक शाळेचे यश तिच्या पहिल्या क्रमांकावरून किंवा सरासरीवरून न ठरवता सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्या प्रगतीवरून ठरवले पाहिजे, आणि अध्यापनाची, पर्यवेक्षणाची आणि पैशाची रचना त्याभोवती बांधली पाहिजे.

या क्षेत्रात आज प्रामुख्याने चार विचारप्रवाह दिसतात. पहिला समतेचा. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरातल्या सर्व थरांतील मुलांसाठी एकच समान शाळा असावी आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे या विचाराचे मराठी मातीतले मोठे भाष्यकार. दुसरा प्रवाह बालकेंद्री शिक्षणाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालशिक्षण नेले. गांधीजींच्या १९३७च्या वर्धा परिषदेतून निघालेली नयी तालीम, कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी उभे केलेले सृजन आनंद विद्यालय, फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन-लेखन शिकवण्यावर केलेले काम आणि साताऱ्यातल्या कुमठे बीटमध्ये सरकारी शाळांतूनच रुजलेला ज्ञानरचनावाद ही सगळी याच कुळातली. तिसरा प्रवाह पायाभूत साक्षरतेचा आणि मोजमापाचा. १९९५मध्ये मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्यांपासून सुरू झालेली प्रथम ही संस्था, २००५पासून तिच्या पुढाकाराने होणारे असर सर्वेक्षण आणि २०२१चे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ही त्याची ठळक रूपे. चौथा प्रवाह निवडीचा: पालकाला पैसा किंवा जागा द्यावी, शाळा त्याने निवडावी, आणि सरकारी शाळाही खासगी भागीदारीतून चालवाव्यात, असे तो म्हणतो.

हे चारही प्रवाह एकमेकांशी भांडताना दिसतात, पण त्यांच्यात काम वाटून घेता येईल असे पुरावे सांगतात. त्यांपैकी सर्वांत बोलका पुरावा मुंबईचाच आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत प्रथमच्या बालसखी उपक्रमाची कसून तपासणी झाली. बहुधा वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली एखादी तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि मुले जिथे अडली होती तिथून शिकवे. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरवले होते, त्यामुळे तुलना निर्मळ राहिली. ही तपासणी करणाऱ्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गुणांमध्ये स्पष्ट वाढ आढळली, आणि ती मुख्यतः सर्वांत कच्च्या मुलांमध्ये होती. त्यानंतरचा धडा अधिक महत्त्वाचा. हाच मार्ग सरकारी यंत्रणेतून राबवण्याचे पुढचे काही प्रयत्न फसले, कारण शिक्षक साहित्य घेत आणि पुन्हा पुस्तकाकडेच वळत. हरियाणात मात्र रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे केले आणि पर्यवेक्षकांनी स्वतः वर्गात येऊन मदत केली, तेव्हा नेहमीच्या सरकारी शिक्षकांकडूनच हे काम झाले. थोडक्यात, मार्ग सापडलेला आहे आणि तो स्वस्त आहे. तो टिकायचा असेल तर वेळापत्रकात त्याला जागा आणि अधिकाऱ्याच्या कामात त्याला स्थान मिळाले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा. घरात अभ्यासाला कोपरा नाही, आई-वडील पहाटे कामाला जातात, पुनर्वसनात घर बदलते, सणाला गावी गेलेले मूल महिनाभर परतत नाही. मग शाळा काय करणार? घराचे वजन मोठे असते यात शंका नाही, आणि १९६६मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालापासून ते वारंवार दिसले आहे. पण बालसखीकडे बसलेली मुले याच घरांतली होती. त्यांची घरे बदलली नाहीत, त्यांना शिकवण्याची रीत बदलली. दुसरा आक्षेप असा, की कच्च्या मुलांचे गट केले की त्यांच्या कपाळी ‘ढ’चा शिक्का बसतो. जुन्या शाळांतल्या ‘अ’ आणि ‘ड’ तुकड्यांचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. मात्र वर्षभरासाठी केलेली तुकडी आणि दिवसातल्या एका तासापुरता, दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलला जाणारा गट या फार वेगळ्या गोष्टी आहेत. काही न समजता पाच वर्षे मागच्या बाकावर बसणे, हा शिक्का तर सर्वांत खोल असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे: एवढा पैसा पालिकेकडे देण्यापेक्षा पालकांना द्या, खासगी शाळा कमी खर्चात शिकवतील. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष इथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सोडतीने खासगी शाळेत गेलेली मुले तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत, पण तेवढेच शिकवायला खासगी शाळेला खर्च बराच कमी आला. यातून सरकारी व्यवस्थेने वेळेच्या आणि पैशाच्या वापराबद्दल खाली मान घालून शिकावे, एवढे नक्की. पण ती बचत बहुतांशी शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून येते, आणि शिकण्यात फरक पडत नसेल तर केवळ शाळा बदलून मागे पडलेल्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्रातल्या २५ टक्के जागांचे उदाहरणही हेच सांगते. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तो निकाल योग्यच होता, या जागा मुलांच्या हक्काच्या आहेत. तरीही त्या आठवीपर्यंतच आहेत आणि मागणीच्या मानाने थोड्या आहेत. येईल त्या प्रत्येक मुलाला, वर्षाच्या मध्यात आलेल्याला, दाखला नसलेल्याला, दिव्यांग असलेल्याला आपले म्हणण्याचे बंधन अखेर सार्वजनिक शाळेवरच राहते. म्हणून तीच सुधारली पाहिजे.

माध्यमाचा प्रश्न या सगळ्याला छेद देऊन जातो. मुंबईत गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी माध्यमाच्या शंभराहून अधिक पालिका शाळा बंद झाल्या किंवा विलीन झाल्या, आणि दुसरीकडे मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सुरू झालेल्या इतर मंडळांच्या पालिका शाळांत प्रवेशासाठी झुंबड उडते. पालकांच्या या निवडीला हिणवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. इंग्रजीशिवाय मुलाला पुढे दार उघडत नाही, हे त्यांनी आपल्या नोकरीच्या ठिकाणी रोज पाहिलेले असते. मात्र ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथले मूल थेट इंग्रजीतून वाचायला शिकू लागले तर त्याला भाषा आणि लिपी अशा दोन चढणी एकाच वेळी चढाव्या लागतात. वाचन आधी घरच्या भाषेत पक्के करावे आणि इंग्रजी पहिलीपासून उत्तम विषय म्हणून शिकवावी, हा मार्ग महाराष्ट्राने २०००मध्ये सर्व माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आणली तेव्हाच निवडला होता. चुकले ते त्या इंग्रजीच्या दर्जात आणि मराठी वाचनाकडे झालेल्या दुर्लक्षात. मराठी शाळा वाचवायची असेल तर तिच्यातले प्रत्येक मूल मराठीत अस्खलित वाचते आणि इंग्रजीत निर्भयपणे बोलते, हे पालकाला दिसले पाहिजे. अस्मितेच्या आवाहनाने पट वाढणार नाही.

हा विषय आताच ऐरणीवर का घ्यायचा, याला कारणे आहेत. मार्च २०२०मध्ये शाळांचे दरवाजे बंद झाले आणि मुंबईत लहान इयत्तांसाठी ते जवळपास पावणेदोन वर्षे तसेच राहिले. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचे प्रमाण २०१८मध्ये निम्म्याच्या आसपास होते, ते २०२२मध्ये ४३ टक्क्यांच्या जवळ आल्याचे असरमध्ये दिसले. हे सर्वेक्षण ग्रामीण आहे. दामूनगरमधले मूल त्यात नाही, आणि शहरातल्या वस्त्यांविषयी तितकी सोपी, घरोघर जाऊन केलेली आणि सर्वांना पाहता येईल अशी मोजणी दरवर्षी होत नाही. याच काळात, मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यानंतर, तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. शाळांचे प्रश्न उघडपणे मांडले जातात ती शिक्षण समितीही नव्हती. नव्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन-गणिताला अग्रक्रम दिला आहे, पण शिक्षक मतदारयाद्यांच्या कामात गुंतलेला असेल तर तो अग्रक्रम कागदावर राहतो. सार्वजनिक चर्चा मात्र पालिका मुलांना देते त्या २७ वस्तूंच्या खरेदीभोवती आणि टॅबभोवती फिरते. गणवेश, दप्तर, बूट आणि पोषण आहार मुलाला शाळेत टिकवतात, त्यांचे मोल कमी नाही. पण त्या वस्तू वेळेवर पोहोचल्या का याची जितक्या आवेशाने चौकशी होते, तितक्याच आवेशाने मूल वाचू लागले का याचीही व्हायला हवी. शिवाय पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीला संपतात आणि माध्यमिक वर्ग त्या मानाने थोडे आहेत. कसेबसे टिकलेले मूल, विशेषतः मुलगी, नेमके याच वळणावर गळते.

एकच विभाग निवडण्यामागे या पुस्तकाचा विचार आहे. संपूर्ण राज्याची सरासरी सर्वांना लागू होते आणि म्हणून कोणावरच जबाबदारी टाकत नाही. विभागात मात्र प्रशासकीय अधिकारी (शाळा) आहेत, बीट आहेत, मुख्याध्यापक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, आणि प्रत्येक पालिका शाळेत कायद्याने नेमलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. एवढ्या परिघात प्रत्येक मुलाचे नाव घेऊन बोलता येते. फिनलंडने १९७०च्या दशकात सर्व मुलांसाठी एकच शाळा उभी केली ती नगरपालिकांच्या हातूनच, आणि ब्राझीलमधल्या सोब्राल या गरीब शहराने लहान मुलांचे वाचन हे पालिकेचे पहिले काम मानून आपल्या शाळा बदलल्या. त्यांची नक्कल करता येणार नाही, पण स्थानिक स्वराज्य संस्था हे करू शकते, याची साक्ष त्यातून मिळते. पुढील लेखांत शिक्षक, पालक, आरोग्य, भाषा, पैसा आणि प्रशासन या अंगांनी एकाच प्रश्नाकडे पाहिले आहे. लेखकांचे आपसांत मतभेद आहेत आणि ते झाकलेले नाहीत. भागीदारी शाळांविषयी, परीक्षांविषयी, माध्यमाविषयी वाचकाला इथे परस्परविरोधी बाजू भेटतील. सर्वांना मान्य असलेली गोष्ट एकच: मागे पडलेले मूल हे व्यवस्थेच्या कामाचे ओझे नसून तिच्या कामाचे कारण आहे.

हे पुस्तक शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांइतकेच पालिका शाळेतल्या आई-वडिलांसाठी आणि आपली मुले या शाळेत न पाठवणाऱ्या करदात्यांसाठीही लिहिले आहे. त्यांच्याकडून अपेक्षा मोजकी आणि करता येण्याजोगी आहे. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने तिसरीतली किती मुले वाचू शकतात हे तोंडी वाचन घेऊन मोजावे, जी वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी रोजचा एक तास ठरवावा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजावे. विभागाच्या अधिकाऱ्याने त्या तासाला वर्गात जाऊन बसावे. नगरसेवकाने मते मागताना आपल्या प्रभागातले हे आकडे सांगावेत आणि मतदाराने ते विचारावेत. फुल्यांनी १८८२मध्ये मागितलेली शाळा प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली आहे. तिच्यातली विद्याही प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवणे आपल्या आवाक्यात आहे, आणि ते न करण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.